वापरलेली स्पोर्ट्स कार, चढते भाव आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाव चढायला लागले की मला विचारले जाणारे प्रश्न बदलतात. एरवी लोक विचारतात, "गाडी कशी आहे?" चढत्या बाजारात विचारतात, "आत्ता नाही घेतली तर हातची जाईल का?" दुसऱ्या प्रश्नाच्या नादात पहिला राहून जातो आणि सगळं नुकसान तिथेच होतं. खालची उत्तरं त्या पहिल्या प्रश्नाकडे परत नेण्यासाठी लिहिली आहेत.

या गाड्यांचे भाव वाढतात तरी का?

मुख्य कारण म्हणजे तशा गाड्या आता बनत नाहीत. टर्बोशिवाय (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याशिवाय) आठ-नऊ हजार आरपीएमपर्यंत ओरडत जाणारं इंजिन, पायाखाली क्लच, हातात गिअरचा दांडा आणि रस्त्याचा प्रत्येक खडा तळहातापर्यंत पोचवणारं हायड्रॉलिक स्टिअरिंग, हे सगळं एकाच गाडीत मिळण्याचा काळ २०१० च्या दशकात संपत गेला. बीएमडब्ल्यूच्या एम३ ला २०१४ मध्ये टर्बो आले. २०१५ मध्ये फेरारीने ४५८ च्या जागी टर्बोवाली ४८८ आणली आणि त्याच वर्षाअखेरीस पोर्शेच्या साध्या ९११ कॅरेरालाही टर्बो बसले. ९११ चं हायड्रॉलिक स्टिअरिंग तर ९९७ या सांकेतिक नावाच्या पिढीबरोबरच गेलं होतं. धुराचे आणि आवाजाचे नियम कडक होत गेले, त्यामुळे ही चाकं उलटी फिरायची नाहीत.

दुसरं कारण माणसांचं आहे. नव्वदच्या दशकात खोलीच्या भिंतीवर ज्यांनी टोयोटा सुप्रा, निसान स्कायलाइन आर३४ किंवा होंडा एनएसएक्सची चित्रं लावली, ती मुलं आता कमावत्या वयात आहेत. गाड्यांची संख्या मात्र अपघात, रेसट्रॅक आणि फुटलेली इंजिनं यांमुळे दरवर्षी कमीच होते.

याशिवाय काही वाढ तात्पुरतीही असते. २०२१-२२ मध्ये चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्या वेळेवर मिळेनात, तेव्हा जुन्या गाड्या सरसकट महागल्या. ती लाट होती. मागणीमागचं खरं कारण गाडीत आहे की लाटेत, हे ओळखता आलं पाहिजे.

मग लगेच घ्यावी की थांबावं?

चढता भाव चढतच राहील असं धरून चालू नका. फेरारी एफ४० १९८७ मध्ये आली आणि दोन-तीन वर्षांत मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने हातोहात फिरू लागली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो फुगा फुटला आणि शेवटी घेणारे अडकले. त्याच काळातली जॅग्वार एक्सजे२२० बघा. व्ही१२ इंजिनाच्या वचनावर लोकांनी मोठी अनामत भरली, गाडी आली ती टर्बो व्ही६ घेऊन आणि तोवर मंदीही आली होती. बरेच जण सौद्यातून बाहेर पडायला धडपडले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

त्यापेक्षा अलीकडचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. पोर्शेने २०१६ मध्ये ९११ आर काढली. एकूण ९९१ गाड्या, जीटी३ आरएस या ९११ च्याच रेसिंगकडे झुकलेल्या आवृत्तीचं इंजिन आणि सहा गिअरचा मॅन्युअल. पुन्हा असं काही येणार नाही म्हणून लोकांनी मूळ किमतीच्या कैक पट मोजले. पुढच्याच वर्षी कंपनीने जीटी३ मध्ये मॅन्युअल गिअर परत दिला, टूरिंग आवृत्तीही काढली आणि ९११ आरचा भाव झपाट्याने उतरला. गाडी तीच होती, तितकीच सुंदर. बदललं ते फक्त तिच्याभोवतीचं "आता नाही तर कधीच नाही."

म्हणून मी एकच कसोटी लावतो. घेतल्यानंतर वर्षभरात हिचा भाव चौथ्या हिश्शाने पडला, तरी सकाळी उठून किल्ली उचलावीशी वाटेल का? वाटत असेल तर घ्या, बाजाराकडे बघू नका. उत्तर द्यायला वेळ लागत असेल तर तुम्हाला गाडी नको, भाववाढ हवी आहे.

गुंतवणूक म्हणून घेतली तर?

माझं मत नाही असं आहे. विमा, जागा, टायर, दरवर्षीचं ऑइल, पाच-सहा वर्षांनी येणारं मोठं काम आणि विकताना जाणारी दलाली वजा केली की बहुतेकांच्या हाती काहीच उरत नाही. शिवाय भाव टिकावा म्हणून गाडी चालवायची नाही, आणि चालवली नाही म्हणून ती आतून बिघडत राहते.

बजेट कसं ठरवायचं?

गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. नवी असताना ज्या गाडीची गणना अतिमहाग गाड्यांत व्हायची, तिचा क्लच आणि तिचे ब्रेक आजही त्याच वर्गाच्या भावाने येतात. त्यामुळे हातात जेवढे पैसे आहेत तेवढ्याची गाडी घेऊ नका. किमान पंधरा-वीस टक्के रक्कम बाजूला ठेवा आणि ती पहिल्या वर्षात खर्च होणारच असं धरा.

चढत्या बाजारात ही रक्कम जास्तच लागते. कारण सरळ आहे. मोठं काम जवळ आलं की मालकापुढे दोन वाटा असतात: काम करून घ्यायचं, किंवा भाव चांगला आहे तोवर गाडी विकून टाकायची. भाव जितका चांगला तितकी दुसरी वाट सोपी. बाजारात आलेल्या बऱ्याच गाड्या अशा राहून गेलेल्या कामांसकट येतात.

कमी किलोमीटर फिरलेली गाडी चांगली ना?

या एका समजुतीने जितके पैसे घालवले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशाने घालवले असतील. स्पोर्ट्स कार उभी राहिली की म्हातारी होते. रबरी सील कोरडे पडून आकसतात, मग पहिल्याच लांब प्रवासात ऑइल गळायला लागतं. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टर चिकटतात. ब्रेक डिस्कच्या कडांना गंज धरतो. टायरची नक्षी कोरी दिसते, पण रबर लाकडासारखं कडक झालेलं असतं. इंजिनाचे व्हॉल्व्ह तालात ठेवणाऱ्या टायमिंग बेल्टला तर किलोमीटरशी देणंघेणं नसतं, तो वर्षांच्या हिशेबाने बदलावा लागतो. दहा वर्षांत काही हजार किलोमीटर फिरलेल्या फेरारी एफ३५५ चा बेल्ट जुनाच असेल, तर ती गाडी कमी वापरलेली म्हणू नये, दुर्लक्ष केलेली म्हणावी.

टायरचं वय बघणं दोन मिनिटांचं काम आहे. कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५१९ असेल तर २०१९ चा पस्तिसावा आठवडा. चारही टायरचे आकडे टिपा. चार चाकांना तीन वेगवेगळ्या वर्षांचे टायर असतील, तर मालकाने कुठे कुठे हात आखडला असेल याचा अंदाज तिथेच येतो.

माझी पसंती दरवर्षी पाच-सात हजार किलोमीटर नेमाने फिरलेल्या, बिलांची जाड फाइल असलेल्या गाडीला आहे. भाव चढले की सगळे कमी किलोमीटरच्या मागे धावतात आणि अशा गाड्या त्यामानाने स्वस्त राहतात. खरी संधी इथे असते.

फाइलमध्ये नेमकं काय बघायचं?

सर्व्हिस बुकातले शिक्के बघून समाधान मानू नका, बिलं मागा. शिक्का सांगतो की गाडी गॅरेजमध्ये गेली होती, तिथे काय झालं ते बिल सांगतं. सगळी बिलं तारखेने लावायची आणि एका कागदावर तारीख, किलोमीटर आणि काम असे तीन रकाने करायचे. अर्ध्या तासात गाडीचं चरित्र समोर येतं.

अशीच एक फाइल मी लावत बसलो होतो. गुळगुळीत प्लास्टिकच्या पाकिटांत नीट ठेवलेली, बघूनच विश्वास बसावा अशी. मधे एक टायर बदलल्याचं साधं बिल होतं, दुमडलेलं, कोपऱ्यात हाताने लिहिलेला किलोमीटरचा आकडा. अकरा महिन्यांनंतरच्या सर्व्हिसच्या छापील बिलावरचा आकडा त्यापेक्षा नऊ हजारांनी कमी होता. विकणारा म्हणाला, टायरवाल्याची लिहिण्यातली चूक असेल. मग आम्ही गाडीच्या कंट्रोल युनिटमधून (इंजिनाच्या संगणकातून) इंजिनाचे चाललेले तास वाचून घेतले. मीटरवरच्या किलोमीटरला त्या तासांनी भागलं की सरासरी वेग निघतो. तो इतका कमी आला की ती गाडी आयुष्यभर वाहतूक कोंडीतच उभी असावी. आम्ही फाइल मिटली आणि निघालो.

दोन-तीन वर्षांची बिलं मधूनच गायब असतील तर त्या काळात गाडी कुठे होती ते विचारा. चेसिस नंबर कागदावरचा, काचेखालचा आणि बॉडीवर कोरलेला असा तिन्हीकडे पडताळा. गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची किंवा अपघातात बाद ठरवलेली आहे का, हे नोंदणी जिथली आहे तिथल्या अधिकृत नोंदींत तपासल्याशिवाय अनामत देऊ नका.

प्रत्यक्ष गाडी बघताना सुरुवात कुठून करायची?

इंजिन थंड असताना. आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोचल्यावर बोलणं सुरू होण्याआधी इंजिनावरच्या झाकणावर तळहात ठेवा. कोमट लागलं तर कारण विचारा. कधी कारण साधं असतं, गाडी नुकतीच धुऊन जागेवर लावलेली असते. पण थंड इंजिनाची खडखड, चेन सैल असल्याचा पहिल्या दोन सेकंदांतला आवाज, मागून निघणारा निळा धूर, हे सगळं गरम इंजिन लपवतं. अशा वेळी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा येईन म्हणून सांगतो.

मग रंग. कारखान्यातून आलेल्या रंगाची जाडी साधारण १०० ते १८० मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) आसपास असते. एका पत्र्यावर १३० आणि शेजारच्यावर ३५० निघाले तर तिथे काम झालंय. पुन्हा रंगवलेली गाडी वाईटच असं नाही, वेगाने धावणाऱ्या गाडीच्या नाकावर खडे बसतातच. मात्र दाराच्या खांबावर किंवा छपरावर जाड रंग लागला तर सावध व्हा. रंगाची जाडी मोजणारा मीटर अॅल्युमिनियमवर चालणारा घ्या. पहिल्या पिढीच्या एनएसएक्सची बॉडी पूर्ण अॅल्युमिनियमची आहे, तिथे लोखंडापुरता मीटर काही कामाचा नाही. प्लास्टिक आणि कार्बन फायबरच्या भागांवर तर डोळे आणि बोटंच वापरावी लागतात.

बॉनेट आणि दारांच्या बिजागरीचे बोल्टही बघा. पान्याने खरवडलेली डोकी रंगापेक्षा जास्त खरं बोलतात.

मला गाड्यांतलं कळतं. तरी बाहेरच्या तज्ज्ञाची तपासणी हवीच का?

हवीच. मीही एकदा ती टाळली होती. दोन महिन्यांत त्या मॉडेलचा भाव दोनदा हललेला मी बघितला होता, विकणारा सज्जन होता, गाडी देखणी होती. तिसऱ्या महिन्यात क्लच गेला. तो बदलायला गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मागच्या सीलमधून ऑइल गळताना दिसलं. दोन्ही गोष्टी लिफ्टवर वीस मिनिटांत कळल्या असत्या. त्या सज्जन माणसालाही त्या ठाऊक नव्हत्या असंच मला आजही वाटतं.

तपासणारा त्याच मेकच्या गाड्या रोज उघडणारा असावा आणि विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. कॉम्प्रेशन टेस्टने प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते कळतं. लीक-डाउन टेस्टने दाब निसटतो कुठून, व्हॉल्व्हमधून की पिस्टनच्या रिंगमधून, ते कळतं. दोन्ही करून घ्या.

मॅन्युअल गाडीत ओव्हररेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याची, नोंद मागा. तिसऱ्यातून चौथा टाकायला गेला आणि चुकून दुसरा पडला, तर चाकंच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात. लिमिटर फक्त इंधन तोडू शकतो, चाकांना थांबवू शकत नाही. तेवढ्या क्षणात व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतात. पोर्शेच्या कंट्रोल युनिटमध्ये अशा घटना वेगवेगळ्या टप्प्यांत, इंजिनाच्या तासांसकट साठवलेल्या असतात. वरच्या टप्प्यांतली नोंद अगदी ताजी असेल तर मी ती गाडी घेत नाही. शंभर तासांपूर्वीची असेल आणि इंजिन आजही नीट दाब धरत असेल, तर बोलणी चालू ठेवतो.

प्रत्येक मॉडेलचे ठरलेले आजार असतात म्हणे. कोणते?

असतात, आणि ते माहीत असणं हीच तुमची खरी ताकद आहे. मालकांमध्ये ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं ते सांगतो.

पोर्शे ९११ ची ९९६ पिढी, पहिल्या फळीची ९९७ आणि त्याच काळातली बॉक्स्टर यांच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं (इंजिनाच्या आतल्या एका मधल्या दांड्याचं) बेअरिंग असतं. ते तुटलं की बहुधा सगळं इंजिन जातं. सगळ्याच गाड्यांचं तुटत नाही, पण कुठलं बसवलंय आणि कधी बदललंय याचं बिल हवं. २००६ ते २००८ च्या गाड्यांतलं मोठं बेअरिंग जास्त टिकाऊ आहे, पण इंजिन फोडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. २००९ च्या मॉडेलपासून नवं इंजिन आलं आणि ही चिंता संपली. याच जुन्या इंजिनांत सिलिंडरच्या भिंती ओरखडण्याचाही त्रास आहे. एका बाजूच्या सायलेन्सरला जास्त काजळी, टिकटिक आवाज आणि ऑइलचा वाढलेला खप दिसला तर बोअरोस्कोप (बारीक कॅमेरा) आत घालून बघायला लावा. त्या काळातल्या जीटी३ आणि टर्बोला वेगळं, मेट्झगर नावाने ओळखलं जाणारं इंजिन आहे, ते या दोन्हींतून सुटलं. पण त्यात कूलंटचे नळ चिकटवून बसवलेले असतात आणि ते निखळू शकतात. ते वेल्ड करून किंवा पिन मारून पक्के केलेत का ते विचारा.

बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये (ई४६, ई९२, ई६० ही पिढ्यांची सांकेतिक नावं) मागचा सबफ्रेम, म्हणजे मागची चाकं धरणारा सांगाडा, जिथे बॉडीला धरलेला असतो तिथला पत्रा तडकतो. गाडी लिफ्टवर घेऊन बॅटरीच्या प्रकाशात बघितल्याशिवाय दिसत नाही. ई९२ एम३ चं व्ही८ आणि ई६० एम५ चं व्ही१० ही विलक्षण इंजिनं आहेत, पण दोन्हींत कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला जोडलेल्या दांड्यांची) बेअरिंग लवकर झिजतात. ती वेळेवर बदलली तर खर्च झेपतो, नाही बदलली तर इंजिन हातातून जातं. थ्रॉटलचे अॅक्च्युएटरही (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या मोटरीही) बिघडतात.

फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली काढावं लागतं. ३६० मोडेनात ते काम सीटमागून होतं. एफ४३० ला चेन आहे, म्हणून बेल्टचा खर्चच नाही. तिन्ही गाड्या दिसायला एकाच घरातल्या, पण सांभाळण्याच्या खर्चात मोठा फरक आहे. शेवर्ले कॉर्व्हेटच्या सी६ झी०६ मध्ये व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्ह सरळ धरणाऱ्या नळ्या) झिजतात. ऑडी आर८ चे मॅग्नेटिक शॉक अॅब्सॉर्बर गळतात. होंडा एस२००० मध्ये दुसरा गिअर टाकताना खरखर येते का बघा आणि ऑइलची पातळी स्वतः तपासा.

ही यादी वाचून घाबरू नका. ज्या गाडीचा आजार सगळ्यांना माहीत आहे, तिचं औषधही बहुतेक वेळा सापडलेलं असतं. औषध दिलेली गाडी शोधायची, एवढंच.

मॅन्युअल की पॅडलचा (स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदलायचा) गिअर?

दोन्हींत एकच मॉडेल मिळत असेल तर मॅन्युअलला जास्त मोजावे लागतात. फेरारी आणि लॅम्बॉर्गिनीत तर हा फरक डोळे दिपवणारा आहे. मनापासून मॅन्युअल हवा असेल तर मोजा. पण फक्त "पुढे भाव मिळेल" म्हणून क्लच दाबणार असाल तर चालवून बघा, विचार बदलेल. सुरुवातीच्या एकेरी क्लचवाल्या पॅडल गाड्यांत क्लच किती झिजलाय ते संगणकावर आकड्यांत दिसतं. तो आकडा बघितल्याशिवाय सौदा नको.

रेसट्रॅकवर फिरलेली गाडी टाळावी का?

जाणत्या माणसाने ट्रॅकवर नेलेली, प्रत्येक वेळेनंतर ऑइल आणि ब्रेकचं फ्लुइड बदललेली गाडी मला शोभेला उभ्या असलेल्या गाडीपेक्षा बरी वाटते. फक्त ते मालकाने आपण होऊन सांगितलेलं असावं. कार्बन सिरॅमिक ब्रेक असतील तर जाडीवर जाऊ नका. ते झिजतात तेव्हा वजन कमी होतं. बऱ्याच डिस्कवर किमान वजन लिहिलेलं असतं, चाक काढून तपासता येतं. कडेचे टवके हाताला लागतात. चारही डिस्क बदलायची वेळ आली तर तुमचं सगळं बजेट कोलमडेल.

मॉडिफाय केलेली गाडी?

मूळ भाग सोबत मिळत असतील तर विचार करा. रीमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदललेल्या, टर्बो गाडीत ते कुणी केलं, कधी केलं आणि आधीच्या प्रोग्रॅमची फाइल कुठे आहे हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या.

गाडी दूरच्या गावी आहे. फोटो आणि व्हिडिओवर घेतली तर?

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असा सौदा आहे तो. जाता येत नसेल तर तिथल्या तज्ज्ञाला पैसे देऊन पाठवा. त्याने तपासताना तुम्ही व्हिडिओवर समोर हवेत.

विकणारा म्हणतो, आणखी दोघं पैसे घेऊन उभे आहेत. काय करू?

त्यांना घेऊ द्या. खरंच उभे असतील तर घेतील आणि नसतील तर चार दिवसांनी तुम्हाला फोन येईल. तपासणीला नाही म्हणणाऱ्याकडून मी आजवर गाडी घेतलेली नाही, पुढेही घेणार नाही. भाव करताना "जास्त सांगताय" म्हणून काही होत नाही, चढत्या बाजारात तर मुळीच नाही. तपासणीचा कागद पुढे ठेवा आणि राहिलेल्या एकेका कामाचा खर्च मोजून दाखवा. प्रामाणिक माणूस त्यावर बोलतो.

गाडी घरी आली. पहिलं काम कोणतं?

कितीही ताजं बिल असलं तरी ऑइल आणि फिल्टर बदला, सोबत ब्रेकचं फ्लुइड आणि कूलंट. जुना फिल्टर फेकू नका. तो कापून कागदाच्या घड्या उलगडा आणि उन्हात धरून सावकाश फिरवा. बारीक काळी पूड चालते. चमकणारे कण दिसले तर चुंबक लावून बघा. चिकटले तर ते पोलादाचे, न चिकटले तर बेअरिंगच्या मऊ धातूचे असू शकतात, आणि दोन्ही वेळा गाडी तिथेच उभी करून मेकॅनिकला फोन करायचा. काहीच चमकलं नाही तर नवं ऑइल भरा, इंजिन गरम होईपर्यंत वीस मिनिटं हळू चालवा आणि मग पहिल्यांदा रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत) न्या.